रक्तवाहिन्यांतील दाह : एका गृहीतकाची कथा

बोटात काटा रुतला आणि तो काढावयाचा राहून गेला, तर दुसऱ्या दिवशी त्या जागी काय होते, हे प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे. ती जागा लाल होते, सुजते, हाताला गरम लागते आणि ठणकू लागते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली होती. वैद्यकशास्त्रात या स्थितीला ‘दाह’ किंवा ‘शोथ’ असे म्हणतात.

दाह हा मुळात शत्रू नाही. काट्याबरोबर जंतू आत शिरले की तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताचा पुरवठा वाढतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात. काम संपले की दाह ओसरतो आणि जखम भरून येते. परंतु हाच दाह शमला नाही, महिनोन्‌महिने धुमसत राहिला, आणि तोही बोटात नव्हे तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीच्या भिंतीत, तर काय होईल? तेथे ना लाली दिसेल, ना सूज. अनेकदा वेदनाही होणार नाही. आणि एके दिवशी अचानक छातीत कळ येईल.

हा दाह कशामुळे उत्पन्न होतो, त्यामागे एखादा जंतू असतो काय, या प्रश्नाने अनेक देशांतील संशोधकांना दीर्घकाळ गुंतवून ठेवले आहे. या शोधाची वाटचाल समजून घेण्यासारखी आहे. वैज्ञानिक सत्य कसे हाती लागते, आणि कधीकधी हाती लागले असे वाटूनही कसे निसटते, हे तिच्यातून कळते.

दोन शब्दांतील भेद

प्रारंभीच दोन शब्द वेगळे करून घेतले पाहिजेत. जंतूंनी शरीरात शिरून तेथे वाढणे म्हणजे ‘संसर्ग’. त्याला किंवा अन्य एखाद्या इजेला शरीराने दिलेला प्रतिसाद म्हणजे ‘दाह’. बहुतेक संसर्गांच्या पाठोपाठ दाह येतो. परंतु प्रत्येक दाहामागे संसर्ग असतोच असे नाही. तव्याचा चटका बसला किंवा हातोडीचा घाव अंगठ्यावर बसला, तरी ती जागा लाल होऊन सुजते. तेथे जंतूचा संबंध नसतो. हा भेद साधा वाटतो. पण पुढे ज्या मोठ्या प्रयोगांची हकीकत यावयाची आहे, त्यांचे मर्म याच भेदात आहे.

रक्तवाहिनीची भिंत

हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी किंवा धमन्या म्हणतात. रोहिणीची भिंत तीन थरांची असते. बाहेरचा थर आधार देणारा, मधला स्नायूंचा आणि आतला अत्यंत नाजूक. या आतल्या थराला रक्ताच्या बाजूने पेशींचे एकपदरी अस्तर असते. फरशी बसवावी तशा या पेशी एकमेकींना लागून बसलेल्या असतात. या अस्तराला ‘अंतःस्तर’ म्हणतात.

पुष्कळ काळ अंतःस्तर म्हणजे नळाच्या आतला गुळगुळीत लेप, एवढीच समजूत होती. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकी शास्त्रज्ञाने सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर केलेल्या प्रयोगांतून ती बदलली. अंतःस्तर शाबूत असलेली पट्टी विशिष्ट रसायनाने सैल पडे. अंतःस्तर खरवडला गेलेली पट्टी मात्र सैल पडत नसे. म्हणजे रक्तवाहिनीला सैल होण्याचा संदेश अंतःस्तराकडूनच मिळत होता. हा संदेश नायट्रिक ऑक्साइड या वायूच्या रूपाने जातो, हे पुढे सिद्ध झाले. या कार्याबद्दल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोगी अंतःस्तरावर रक्तपेशी चिकटत नाहीत. परंतु तंबाखूचा धूर, उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेली साखर किंवा कोलेस्टेरॉल यांमुळे त्याला इजा झाली की तो आपल्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने उभी करतो. पांढऱ्या पेशी तेथे अडकतात आणि भिंतीत शिरतात. तेथे साचलेले कोलेस्टेरॉल त्या गिळू लागतात व फुगून फेसाळ दिसू लागतात. अशा पेशींचा, मेदाचा आणि तंतूंचा जो थर साचतो, त्याला ‘प्लाक’ म्हणतात. हा थर फाटला की त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते. हृदयाची वाहिनी बंद पडली तर हृदयविकाराचा झटका, मेंदूची बंद पडली तर पक्षाघात.

जुना वाद

हा थर का साचतो, याविषयी एकोणिसाव्या शतकापासून मतभेद होते. व्हिएन्नाचे कार्ल रोकिटान्स्की यांच्या मते रक्तातील पदार्थ भिंतीवर साचून थर बनतो. बर्लिनचे रुडॉल्फ फिरखो यांना ते मान्य नव्हते. रोहिणीच्या भिंतीतच प्रथम दाह होतो आणि मेदाचा साठा हा त्याचा परिणाम आहे, असे प्रतिपादन त्यांनी १८५० च्या दशकात केले. दोघांनीही एकाच प्रकारचे नमुने पाहिले होते; त्यांचे अर्थ मात्र वेगळे लावले होते.

१९१३ मध्ये रशियातील निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर साचल्याचे दाखवले. त्यानंतर संशोधनाचा ओघ कोलेस्टेरॉलकडे वळला, आणि तो योग्यच होता. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांनी पुढे असंख्य प्राण वाचवले. फिरखो यांचा दाहाचा विचार मात्र मागे पडला. अमेरिकी शास्त्रज्ञ रसेल रॉस यांनी १९९९ मध्ये, रोहिणीकाठिण्य हा दाहाचाच रोग आहे, असे ठामपणे मांडले, तेव्हा तो विचार पुन्हा केंद्रस्थानी आला.

जंतूवर संशय

तोपर्यंत एक नवा संशयितही पुढे आला होता. १९८८ मध्ये फिनलंडमधील पेक्का साइकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या रुग्णांचे रक्त तपासले. श्वसनमार्गाला बाधा करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे त्यांनी शोधली. या जिवाणूला आज ‘क्लॅमिडिया न्यूमोनी’ या नावाने ओळखतात. झटका आलेल्या ४० रुग्णांपैकी ६८ टक्के रुग्णांत या प्रतिपिंडांचे प्रमाण वाढलेले आढळले. तुलनेसाठी घेतलेल्या इतर व्यक्तींत ते केवळ १७ टक्के जणांत वाढलेले होते. १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मृत व्यक्तींच्या हृदयरोहिण्यांतील प्लाकमध्ये प्रत्यक्ष हा जिवाणू आढळला.

काळही अनुकूल होता. पोटातील अल्सर मानसिक ताण व आम्लामुळे होतो, असे पूर्वी मानत. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी त्यामागे एक जिवाणू असल्याचे दाखवले. २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही लाभले. अल्सर प्रतिजैविकांनी बरा होतो, तर हृदयविकार का होणार नाही? जगातील सर्वाधिक बळी घेणारा रोग गोळ्यांच्या एका क्रमाने टळू शकेल, ही आशा फार मोठी होती. अनेक प्रयोगशाळांत या विषयावर काम सुरू झाले आणि कित्येक तरुणांनी आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधासाठी हाच विषय निवडला.

प्रबंधाची घडण

पीएच.डी.चे संशोधन म्हणजे नेमके काय, हे येथे पाहणे उचित ठरेल. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार या पदवीसाठी किमान ३ वर्षे द्यावी लागतात. प्रत्यक्षात पुष्कळदा त्याहून अधिक काळ जातो. एवढ्या काळात जगातील एखादा मोठा प्रश्न सुटत नाही. त्या प्रश्नाचा एक लहानसा, पण निश्चित तुकडा सोडवावयाचा असतो.

एखादी संशोधक विद्यार्थिनी ‘हा जिवाणू रक्तवाहिनीच्या अंतःस्तरात दाह उत्पन्न करतो काय?’ हा प्रश्न घेते, असे समजू या. जिवंत माणसाची रोहिणी कापून पाहता येत नाही. मग अंतःस्तराच्या पेशी आणावयाच्या कोठून? बाळंतपणानंतर जी नाळ टाकून दिली जाते, तिच्यातील नीलेतून या पेशी मिळवता येतात. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कमधील संशोधकांनी बसवली. त्यासाठी मातेची लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आवश्यक असते.

नीलेत विकर भरून पेशी सुट्या केल्या जातात, पोषक द्रवात ठेवल्या जातात आणि ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या कपाटात वाढवल्या जातात. बशीचा तळ त्यांनी झाकला गेला की एका बशीत जिवाणू सोडायचे आणि दुसरी तशीच ठेवायची. या दुसऱ्या बशीला ‘नियंत्रित नमुना’ म्हणतात. तिसऱ्या बशीत उष्णतेने मारलेले जिवाणू घालतात, म्हणजे जिवंत जंतूमुळे काय घडते आणि त्याच्या केवळ अस्तित्वामुळे काय घडते, हे वेगळे कळते. नंतर पेशींनी चिकट प्रथिने उभी केली काय, दाहाचे संदेश देणारी रसायने सोडली काय, पांढऱ्या पेशी तेथे चिकटल्या काय, हे मोजायचे. एकदा मिळालेले उत्तर पुरत नाही. वेगवेगळ्या नाळांतील पेशींवर तोच प्रयोग पुनःपुन्हा करावा लागतो. एखाद्या बशीत बुरशी शिरली की काही आठवड्यांचे श्रम वाया जातात.

अशा प्रयोगांतून १९९० च्या दशकात दिसून आले, की हा जिवाणू अंतःस्तराच्या पेशींत शिरू शकतो आणि त्यांना चिकट बनवू शकतो. १९९८ मध्ये सशांवरील एका प्रयोगात या संसर्गाने रोहिणीची भिंत जाड होण्याला वेग आल्याचे आणि प्रतिजैविकाने तो रोखता आल्याचे आढळले. बशीतील पुरावा अनुकूल, प्राण्यांतील पुरावाही अनुकूल. आता उरली होती ती माणसावरील कसोटी.

औषधाची कसोटी

१९९७ मध्ये आर्जेन्टिनातील २०२ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत प्रतिजैविक घेतलेल्यांना पहिल्या महिन्यात कमी त्रास झाल्याचे आढळले. उत्साह वाढला. परंतु लहान चाचणीतील यश योगायोगाचेही असू शकते. म्हणून मोठ्या चाचण्या योजण्यात आल्या. त्यांत रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे केली जाते. अर्ध्या रुग्णांना खरे औषध, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसते. माणसाला जे पाहावेसे वाटते तेच दिसू लागते. या दोषापासून वाचण्याचा हा उपाय आहे.

२००३ मध्ये ७,७४७ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रतिजैविकाचा लक्षणीय लाभ दिसला नाही. अवधी कमी पडला असेल, असे काहींनी म्हटले. २००५ मध्ये ४,०१२ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष आला. तिच्यात आठवड्यातून एकदा, असे वर्षभर ॲझिथ्रोमायसिन देण्यात आले होते आणि रुग्णांवर सरासरी जवळपास ४ वर्षे लक्ष ठेवण्यात आले होते. औषध घेणाऱ्या गटात ४४६ जणांना आणि निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या गटात ४४९ जणांना हृदयाशी संबंधित मोठा त्रास झाला. दोन्ही गट जवळजवळ सारख्या संख्येचे होते. फरक नसल्यातच जमा होता.

एका आकर्षक गृहीतकाचा आधार अशा रीतीने सुटला. ज्या तरुणांनी उमेदीची वर्षे या विषयाला दिली होती, त्यांच्या श्रमांचे काय झाले? ते व्यर्थ गेले, असे म्हणता येणार नाही. त्यांनी मोजलेल्या गोष्टी खऱ्याच होत्या. जिवाणू पेशीत शिरतो हे खरे होते. त्याने दाह होतो हेही खरे होते. मात्र रोगाच्या जागी सापडलेला प्रत्येक जंतू त्या रोगाचे कारण असतोच असे नाही. आग लागलेल्या घराजवळ जो उभा दिसतो, त्यानेच ती लावली असे ठरत नाही. चाचण्यांचा हा नकारही मोलाचा होता. तो मिळाला नसता, तर हृदयविकाराच्या लक्षावधी रुग्णांना निष्कारण प्रतिजैविके दिली गेली असती आणि त्यांना दाद न देणारे जंतू त्या प्रमाणात वाढले असते.

दाह मात्र खरा

जंतूवरील संशय मावळला, तरी फिरखो यांचा मूळ प्रश्न तसाच उभा होता. दाह हे कारण आहे, की केवळ सोबत? त्याचे उत्तर मिळवण्यासाठी कोलेस्टेरॉलला न लावता फक्त दाह कमी करून पाहणे आवश्यक होते. पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि रक्तात दाहाची खूण वाढलेली असलेल्या १०,०६१ रुग्णांवर अशी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनाकिनुमॅब हे औषध दाहाचा संदेश नेणारे एक विशिष्ट प्रथिन निकामी करते. त्याच्या मध्यम मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. कोलेस्टेरॉलची पातळी मात्र होती तशीच राहिली. दीडशे वर्षांहून जुना विचार खरा ठरला.

परंतु या यशाला दुसरी बाजूही होती. औषध घेणाऱ्यांत प्राणघातक संसर्गाचे प्रमाण किंचित वाढलेले आढळले. दाह दडपला की जंतूंशी लढण्याची शक्तीही उणावते, हे स्वाभाविकच होते. एकूण मृत्यूंची संख्या लक्षणीयरीत्या घटली नाही आणि हृदयविकारासाठी या औषधाला मान्यता मिळाली नाही.

त्यानंतर संधिवाताच्या एका प्रकारावर पूर्वापार वापरले जाणारे कोल्चिसीन हे स्वस्त औषध तपासण्यात आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५,५२२ रुग्णांवरील चाचणीत त्याच्या अल्प मात्रेने हृदयाचे मोठे त्रास ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०२४ मध्ये मात्र, नुकताच झटका आलेल्या ७,००० हून अधिक रुग्णांवरील चाचणीत असा लाभ दिसला नाही. त्यामुळे या औषधाचे स्थान कोणते, याचा विचार अद्याप चालू आहे. आपल्याकडील रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही कोल्चिसीन असते. तो कंद अत्यंत विषारी असून तो खाल्ल्याने मृत्यू ओढवू शकतो. औषध आणि विष यांतील अंतर मात्रेचे असते, आणि ती मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे.

संसर्गाचे नाते

याचा अर्थ संसर्ग आणि रक्तवाहिन्या यांचा संबंधच नाही, असा होत नाही. उपदंशाचे जंतू महारोहिणीची भिंत पोखरतात, हे फार पूर्वीच सिद्ध झाले आहे. पेनिसिलिन आल्यावर तो विकार दुर्मिळ झाला. भारतात अनेक राज्यांत पावसाळ्यात व त्यानंतर आढळणाऱ्या स्क्रब टायफस या तापाचे जंतू सूक्ष्म माइटच्या चाव्यातून शरीरात जातात आणि रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातच वस्ती करतात. वेळेवर ओळखला तर हा ताप डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. डेंग्यूच्या गंभीर अवस्थेत केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरू लागतो. कोविड-१९ ने मरण पावलेल्या रुग्णांच्या अंतःस्तरात दाह झाल्याचे २०२० मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी दाखवले.

हृदयविकाराच्या बाबतीतही संसर्गाची एक भूमिका स्पष्ट झाली आहे. कॅनडातील २०१८ च्या एका अभ्यासानुसार, इन्फ्लूएंझाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत झटक्याचा धोका सुमारे सहापट असतो. आधीच कमकुवत झालेला प्लाक अंगभर उसळलेल्या दाहाने फाटतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. २०२१ मधील एका चाचणीत, झटक्यानंतर लवकरच इन्फ्लूएंझाची लस दिलेल्या रुग्णांत पुढील वर्षभरातील मृत्यू, नवा झटका अशा गंभीर घटना २८ टक्क्यांनी कमी आढळल्या. जंतू वर्षानुवर्षे भिंतीत दडून रोग घडवतो, हे गृहीतक टिकले नाही. परंतु तात्कालिक संसर्ग आधीच्या रोगाला धक्का देतो, हे सत्य हाती आले.

समारोप

या कथेतून सामान्य माणसाने दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली व्यवहाराची. रक्तवाहिनीतील दाह डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याची कारणे आधीच दूर ठेवणे हाच मार्ग आहे. तंबाखू व धूम्रपान वर्ज्य करणे, रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून आटोक्यात ठेवणे, नियमित चालणे हे उपाय साधे असले तरी सिद्ध झालेले आहेत. हृदयविकार असलेल्यांनी लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. ताप आला म्हणून दुकानातून स्वतःच प्रतिजैविके आणून घेणे हितकारक नाही.

दुसरी गोष्ट विचाराची. पेक्का साइकू यांना जे दिसले ते खोटे नव्हते. त्यावर उभारलेला निष्कर्ष मात्र कसोटीला उतरला नाही. ज्यांनी ही कल्पना मनापासून जोपासली होती, त्यांपैकी कित्येकांनीच तिच्या कसोटीसाठी चाचण्या उभारल्या आणि विरुद्ध आलेले आकडे जसेच्या तसे प्रसिद्ध केले. आपले म्हणणे चुकीचे ठरू शकेल अशी परीक्षा आपणच योजणे आणि निकाल येईल तो स्वीकारणे, हे विज्ञानाचे खरे व्रत आहे. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारी पदवी ही या व्रताची दीक्षा होय. रोजच्या जीवनातही एखाद्या गोष्टीचे कारण ठरवताना ‘हे दोन्ही एकत्र दिसले’ एवढ्यावर न थांबता ‘हे काढून टाकले तर ते थांबते काय?’ असा प्रश्न जो विचारतो, त्याने या व्रताचा वाटा उचलला असे म्हणता येईल.